उजव्या बाजूची अक्षरं

“सर, फक्त पासवर्ड सांगा,” सोमनाथ तिसऱ्यांदा म्हणाला. “बाकीचं आम्ही बघतो.”

“गहू,” बाबा म्हणाले.

सोमनाथने शेजारी बसलेल्या मयुरेशकडे पाहिलं. मयुरेशची बोटं लॅपटॉपवर तयारच होती. “जी ए एच यू?” त्याने विचारलं.

“तसं नाही ते,” अपूर्वा स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. “ते सगळ्यालाच गहू म्हणतात. पाणी हवं असलं तरी गहू, पंखा कमी करायचा असला तरी गहू. मला हाक मारायची असली तरी गहूच.”

मयुरेशने बोटं उचलून घेतली.

उपेंद्र गायधनींना झटका येऊन अकरा आठवडे झाले होते. उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं एकाच सकाळी गेलं होतं. ऐकलेलं सगळं समजत होतं. मान हलवून हो-नाही सांगता येत होतं, तेही दमलेले नसतील तर. शब्द मात्र एकच उरला होता, आणि हाच का उरला ते डॉक्टरांनाही सांगता आलं नव्हतं. अपूर्वा पुण्यात एका कॉलेजच्या ग्रंथालयात होती. बिनपगारी रजा टाकून ती नाशिकला, आकाशवाणी टॉवरजवळच्या या फ्लॅटमध्ये राहायला आली होती. आईला जाऊन अकरा वर्षं झाली होती आणि घरात तिसरं कोणी नव्हतं.

सोमनाथ बाबांच्या शिक्षणसंस्थेच्या मुख्य कार्यालयात अधीक्षक. संस्थेच्या जिल्ह्यात अडतीस शाळा-कॉलेजं, पार नांदगावपासून सुरगाण्यापर्यंत. त्या सगळ्यांची नऊ हजारांवर ईमेल खाती एका सर्व्हरवर होती, आणि तो सर्व्हर एकोणीस वर्षं बाबांनी एकट्याने सांभाळला होता. निवृत्तीनंतरही कराराने तेच सांभाळत होते, कारण दुसरं कोणी तयारच केलं नव्हतं. ना संस्थेने, ना त्यांनी. गुरुवारी सकाळी सर्व्हरने नवं पत्र घेणं बंद केलं. सोमवारी चार हजार विद्यार्थ्यांना परीक्षेची हॉल तिकिटं मेलने जायची होती. आज शनिवार.

“मशीन बंद करून मागच्या दाराने शिरता येतं म्हणतात ना?” सोमनाथ म्हणाला.

“आलं असतं. पण सरांनी डिस्कलाच कुलूप घातलंय,” मयुरेश म्हणाला. तो बाहेरच्या एका कंपनीचा इंजिनीअर, संस्थेने कालच बोलावलेला. “आत्ता चालू आहे म्हणून उघडं आहे. एकदा बंद केलं, की चालू होताना किल्ली म्हणून हाच पासवर्ड मागेल. मग कोणीच काही करू शकणार नाही.” मग जरा थांबून, “कुठे लिहून ठेवला नसेल?”

“वाणसामानाची यादीसुद्धा जपून ठेवणारा माणूस आहे,” अपूर्वा म्हणाली. “हे मात्र लिहिलं नाही. मी सगळं शोधलं.”

बाबा लॅपटॉपकडे पाहत होते. डावा हात खुर्चीच्या हातावरून उठला, हवेत जरासा फिरला आणि परत खाली आला. अपूर्वा ते पाहत राहिली. मग आत जाऊन तिने त्यांचा जुना कीबोर्ड आणला, मयुरेशकडून लॅपटॉपला जोडून घेतला आणि पाटावर ठेवून त्यांच्या मांडीवर दिला.

बाबा संस्थेत लागले ते टंकलेखक म्हणून. मेन रोडवरच्या एका टायपिंग क्लासात शिकले, मिनिटाला इंग्रजी चाळीस शब्द, मराठी तीस. दहाही बोटांनी टाइप करायचे, खाली न बघता. त्यांच्या डाव्या हाताची बोटं आपापल्या जागी जाऊन बसली. पहिलं अक्षर दाबलं, दुसरं दाबलं. मग हात थांबला आणि उजवा खांदा किंचित हलला. मांडीशेजारी पडलेला उजवा हात जागचा हलला नाही. बाबांचा चेहरा ताणला.

“थांबा,” अपूर्वा म्हणाली. ती त्यांच्या उजव्या बाजूला जमिनीवर बसली. “बाबा, यापुढचं अक्षर उजव्या हाताचं आहे ना?”

मान हलली.

“मी एकेका अक्षरावर बोट ठेवते. दाबत नाही. बरोबर आलं की सांगा.”

उजव्या बाजूला अकरा अक्षरं आणि पाच आकडे. ती बोट सरकवत गेली, बाबांच्या चेहऱ्याकडे बघत. चुकीच्या अक्षरावर तो तसाच ताणलेला राहायचा. बरोबर आलं की नाकातून श्वास सुटायचा, गाठोडं खाली ठेवल्यासारखा. मग ती दाबायची. मग त्यांची एक-दोन, मग पुन्हा तिचं. स्क्रीनवर काहीच उमटत नव्हतं, मोजायला टिंबंसुद्धा नाहीत. सोमनाथ कधी घड्याळाकडे बघत होता, कधी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे.

पहिल्यांदा चुकलं. दुसऱ्यांदाही. बाबांच्या कपाळावर घाम आला. सोमनाथ म्हणाला, “ताई, राहू दे आता. सरांना त्रास नको.” बाबा म्हणाले, “गहू,” आणि ते इतक्या करड्या आवाजात म्हणाले, की सोमनाथ सवयीने “हो सर” म्हणून गेला.

तिसऱ्यांदा जमलं. तास-सव्वा तास गेला होता. मयुरेशने लॅपटॉप ओढून घेतला, आणि तेव्हा अपूर्वाच्या लक्षात आलं, की तिला पासवर्डातली आपली अक्षरं तेवढी पाठ झाली होती. सहा. बाबांच्या हाताकडे तिने पाहिलंच नव्हतं.

“विचारून घ्यायचं का?” मयुरेशने दबक्या आवाजात विचारलं. “डाव्या हाताची अक्षरं?”

बाबा खुर्चीत मागे टेकले होते, डोळे मिटून.

“नको,” ती म्हणाली. “तुम्ही आत गेलात ना?”

“मी माझी वेगळी वाट करून घेतो,” तो म्हणाला. “नंतर लागेलच.”

·

पोहे झाले, चहा झाला. मयुरेश जेवणाच्या टेबलाशी बसून पुटपुटत होता. “डिस्क चाळीस टक्के रिकामी. मग जागा नाही असं का म्हणतंय हे?” दहा मिनिटांनी त्याने कपाळाला हात लावला. “फायली संपल्या.”

“म्हणजे?” सोमनाथ म्हणाला.

“या सर्व्हरवर प्रत्येक पत्र म्हणजे एक वेगळी फाईल. आणि डिस्क तयार करतानाच किती फायली मावणार तो आकडा ठरलेला असतो. एक कोटी वीस लाख. तो भरला. जागा आहे, पण नवी फाईल उघडता येत नाही.”

“आमच्याकडे दाखलनोंद रजिस्टर असतं,” अपूर्वा म्हणाली. “कपाट रिकामं असलं तरी रजिस्टरच्या ओळी संपल्या तर पुस्तक घेता येत नाही. तसंच ना?”

“तस्संच.” मयुरेशने तिच्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. “पण बाकी काय लावलंय हो सरांनी हे मशीन. एवढ्या जुन्या डब्यावर नऊ हजार खाती चालूच कशी शकतात, मला कालपासून कळत नव्हतं. ही बघा. प्रत्येक फाईलमध्ये मराठीत लिहून ठेवलंय.”

सर्व्हरने कसं वागायचं हे सांगणाऱ्या त्या फायली. त्यात मशीनला वगळायला सांगितलेल्या ओळी असतात, फक्त माणसासाठी. मयुरेश वाचू लागला.

“‘एकावेळी उघडता येणाऱ्या फायलींची मर्यादा १०२४ होती. पासष्ट हजार केली. निकालाच्या दिवशी सगळे एकदम येतात, त्यांना दारात उभं करणं बरं नव्हे.’ हे दोन हजार नऊचं. पुढे ऐका. ‘आता घरोघरी मोबाइल. प्रत्येक जण चोवीस तास डोकावून बघतो पत्र आलं का. पहारेकरी आठ हजार होते, पाच लाख केले. मेमरी थोडी जाते, जाऊ दे.’ बरोबर आहे, अगदी बरोबर केलंय. ‘एकाच घरातून दहाच जणांना आत येण्याची मुभा होती. सुरगाण्याच्या शाळेत एकच इंटरनेट, साठ शिक्षक. मुभा ऐंशी केली.’” तो हसला. “हा माणूस कॉन्फिगमध्ये डायरी लिहीत होता.”

बाबांचे डोळे उघडे होते. कोणी आपलं वाचतंय हे ऐकण्याची सवय नसलेल्या माणसासारखे ते अवघडून बसले होते.

“आणि हे. ‘पत्र शेवटचं कधी वाचलं गेलं याची वेळ मशीन प्रत्येक वेळी नोंदवत होतं. ती नोंद बंद केली. वेग दुपटीने वाढला. शिवाय कोणी काय कधी वाचलं हे बघणं आपलं काम नव्हे.’”

सोमनाथ एव्हाना गॅलरीत जाऊन संस्थेच्या चिटणीसांशी फोनवर बोलत होता. आत आला तो मोकळ्या चेहऱ्याने. “साहेब म्हणतात, सोपं आहे. जुनी खाती उडवा. जे रिटायर झाले, जे गेले, त्यांची पत्रं कशाला ठेवायची? किती असतील?”

मयुरेशने बघितलं. “सहाशे अकरा खाती जुनी दिसतायत. पण त्यांच्या फायली बत्तीस लाख. ती उडवली तर दोन-तीन वर्षं बघायला नको.”

“मग उडवा.”

बाबांनी डाव्या हाताने पाटावर थाप मारली. कीबोर्ड उडून खाली पडला. “गहू,” ते म्हणाले. “गहू. गहू.” हात भिंतीतल्या कपाटाकडे केलेला.

अपूर्वाने कपाट उघडलं. ती हात लावेल त्या वस्तूला बाबा मान हलवत राहिले, नाही, नाही, आणि मग खालच्या कप्प्यातल्या लाल कापडी बासनाशी श्वास सुटला.

आत वही होती. लांबट, आडवी, वरच्या बाजूने शिवलेली. अशा वह्या तिने लहानपणी आजोबांच्या पेढीवर पाहिल्या होत्या. आजोबा पंचवटीतले तीर्थोपाध्याय. कुठून कुठून आलेल्या यात्रेकरूंची नावं गावावर लावून ठेवायचे, बापाच्या खाली मुलगा, मुलाच्या खाली नातू. त्यांच्या घरातला एक नियम होता. वहीतलं नाव खोडायचं नाही. माणूस गेला, तर नावाच्या शेजारी बारीक टिंब द्यायचं. पन्नास वर्षांनी नातू आला आणि म्हणाला, माझे आजोबा इथे येऊन गेले होते, तर नाव दाखवता आलं पाहिजे. बाबांनी पेढी घेतली नाही, संस्थेत टायपिस्ट झाले. दोन वर्षं आजोबा त्यांच्याशी बोलले नव्हते.

वहीत संस्थेची नऊ हजार खाती होती. गावावर लावलेली. देवळा, नांदगाव, एकलहरे, पेठ. प्रत्येक नावापुढे खातं उघडल्याची तारीख. काहींच्या शेजारी टिंब. खोडलेलं एकही नाही.

तिने नाशिकचं पान उघडलं. मुलींच्या शाळेच्या शिक्षकांत सातवं नाव. सौ. इंदिरा उपेंद्र गायधनी. शेजारी टिंब.

“आईचं खातं अजून आहे?” तिने विचारलं.

बाबांनी हो अशी मान हलवली.

·

दुपारी कारभारी आला. कारभारी आहेर, देवळ्याकडचा. संस्थेचा शिपाई, सर्व्हरच्या खोलीची किल्ली त्याच्याकडे. खोलीतला एसी दोनदा बंद पडला होता हे सांगायला तो आला होता, फोनवर सांगता आलं असतं तरी.

“आता कसंकाय सर?” त्याने बाबांच्या पायाशी बसत विचारलं.

“गहू.”

“हां. असंच असतंय,” कारभारी म्हणाला, जणू पुरेसं कळलं. मग सोमनाथकडे वळून, “साहेब, ते जुनं समदं काढून टाकनार म्हने. खरं हाय का?”

“तुम्हाला कोणी सांगितलं?”

“हापिसात बोलत व्हते.” तो जरा वेळ टॉवेलची दशी ओढत राहिला. “आमच्या रोहितचं बी हाय ना त्याच्यात. नांदगावच्या शाळेत व्हता पोरगा. कोरोनात गेला. म्या सरांना म्हनलं व्हतं, त्याचं राहू द्या. सर म्हनले, आपन कोनाचंच नाव खोडत नाय कारभारी.”

“तुम्ही वाचता त्याची पत्रं?” मयुरेशने विचारलं.

“मला कुठं येतंय. म्या कशाला वाचू त्याचं? हाय म्हनून हाय.”

सोमनाथने मान खाली घातली. तो वाईट माणूस नव्हता. “कारभारी, माझ्या हातात काही नाही,” तो म्हणाला. “सोमवारी मेल गेले नाहीत, तर साहेब सर्व्हरच बंद करतील. मग सगळंच गेलं.”

अपूर्वा वही मांडीवर घेऊन बसली होती. “नियतकालिकं,” ती म्हणाली.

“काय?”

“आमच्याकडे मासिकांचे सुटे अंक येतात. वर्ष संपलं की बारा अंक एकत्र बांधतो. एक खंड, रजिस्टरला एकच नोंद. काही टाकत नाही, फक्त बांधतो. तसं नाही करता येणार? एकेका माणसाची सगळी पत्रं एका फाईलमध्ये?”

मयुरेश खुर्चीत सरळ झाला. “येईल की. बत्तीस लाखांच्या सहाशे अकरा होतील. पत्ते तसेच चालू ठेवतो, नवं काही आलं तर येईल.” तो बाबांकडे वळला. “चालेल ना सर?”

बाबांनी लेकीकडे पाहिलं. मग श्वास सोडला.

“पोराचं गाठुडं सैल बांधू नका म्हंजी झालं,” कारभारी म्हणाला.

काम सुरू झालं. एकेक नाव स्क्रीनवर यायचं, थोडं थांबायचं, पुढे सरकायचं. बाबा खुर्चीतून बघत होते. पेठची नावं गेली, एकलहऱ्याची गेली. रोहित आहेर आला तेव्हा मयुरेशने कारभारीला जवळ बोलावून दाखवलं. कारभारीने स्क्रीनला हात लावला नाही. नुसता वाकून बघत राहिला, नाव पुढे जाईपर्यंत.

नाशिकवर आल्यावर मयुरेश थबकला. “ताई, हे एक खातं जरा वेगळं आहे. इंदिरा गायधनी. बाकीच्यांची पत्रं वाचलेल्या खणात आहेत. इथे त्रेचाळीस पत्रं न वाचलेल्या खणात पडून आहेत. आणि पाठवणारं एकच.” त्याने नाव वाचलं आणि वळून तिच्याकडेच पाहिलं.

अपूर्वाला वाटलं होतं, ती पत्रं कुठेच गेली नसतील.

आई गेली तेव्हा ती तेवीस वर्षांची होती, पुण्यात, वसतिगृहात. बाबा आणि ती आईबद्दल बोलत नसत. फोनवर जेवलीस का, जेवलात का, एवढंच. तेराव्यानंतरच्या पहिल्या रविवारी तिने आईच्या शाळेच्या पत्त्यावर मेल पाठवला. असा पत्ता अस्तित्वात नाही, असं उत्तर येईल आणि आपलं आपल्याला कळेल, म्हणून. उत्तर आलं नाही. पुढच्या रविवारी तिने पुन्हा लिहिलं. मेसचं, भाजीत मीठ नसण्याचं, एका मुलाचं, ज्याचं नाव तिने नंतर कोणालाच सांगितलं नाही. बाबांचं. बाबा कसे बोलत नाहीत, बाबांना काही वाटतं की नाही हेच कळत नाही, तू होतीस म्हणून ते माणसासारखे वाटायचे. असंही लिहिलं होतं. दीड वर्ष, जमेल त्या रविवारी. एकदाही काही परत आलं नाही. तिला वाटायचं, मशीनचा हलगर्जीपणा.

“मयुरेश,” तिने हळूच विचारलं, “ही कोणी वाचली आहेत का?”

“शिक्का तरी न वाचलेलीचा आहे.” त्यानेही आवाज खाली आणला. “पण ज्याच्याकडे मुख्य पासवर्ड आहे तो थेट फाईल उघडून वाचू शकतो. त्याने शिक्का बदलत नाही. फाईल शेवटची कधी वाचली ती वेळ बघून कळलं असतं. पण ती नोंद...” त्याने खांदे उडवले.

“बाबांनी बंद केली.”

“हो.”

“कधी?”

त्याने त्या फाईलमध्ये वर जाऊन तारीख पाहिली. आई गेल्यानंतरच्या दुसऱ्या महिन्यातली होती.

“वेगासाठी सगळेच करतात तसं,” तो म्हणाला. “चांगलीच गोष्ट आहे ती.”

तो तिच्या सांगण्याची वाट पाहत राहिला. तिने मान हलवली, आणि आईचं नाव इतरांसारखं स्क्रीनवर थोडं थांबून पुढे गेलं.

·

सगळे गेल्यावर तिने बाबांना भात कालवून भरवला. तोंड पुसलं. गॅलरीत अजून उजेड होता. खालच्या मैदानावर क्रिकेट चाललं होतं.

“बाबा,” ती म्हणाली. “आईला मी लिहिलेली पत्रं. तुम्ही वाचलीत?”

हो किंवा नाही, एवढंच हवं होतं. मान कशीही हलली असती तरी चाललं असतं. पण बाबांनी मान हलवली नाही. त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि बोलायला सुरुवात केली.

“गहू,” ते म्हणाले. मग जरा थांबून, “गहू गहू. गहू...” आवाज खाली गेला, पुन्हा वर आला, कुठेतरी अडखळला, एका ठिकाणी जवळजवळ हसल्यासारखा झाला. मधेच त्यांनी डावा हात उचलून तिच्या दिशेने काहीतरी दाखवलं, एवढीशी उंची, मग कपाटाकडे, मग स्वतःच्या छातीकडे. दोन-तीन मिनिटं ते बोलत होते. इतकं सलग ते तिच्याशी याआधी कधी बोलले होते, ते तिला आठवेना. मग थांबले, आणि तिला समजलं का हे बघू लागले.

ती हो म्हणाली.

त्यांनी तिच्याकडे जरा वेळ पाहिलं, आणि मग खिडकीकडे तोंड वळवलं. तिला कळलं नाही हे त्यांना कळलं होतं.

·

सोमवारी चार हजार एकशे सत्तर हॉल तिकिटं सदतीस मिनिटांत गेली. सोमनाथचा फोन आला. “सरांना सांगा, एकही परत आलं नाही.” तिने सांगितलं. बाबा झोपेत होते की काय, कळलं नाही.

जूनमध्ये दुसरा झटका आला. चार दिवस दवाखान्यात. शेवटच्या दोन दिवसांत तो एक शब्दही नव्हता.

दिवस झाल्यावर तिने लाल बासन सोडलं. बाबांनी स्वतःचं नाव पहिल्या पानावर पहिल्या ओळीत लिहिलं होतं, खातं क्रमांक एक. बारीक निबेचं पेन शोधून तिने शेजारी टिंब दिलं. शाई वाळेपर्यंत वही उघडी ठेवली.

जुलैत संस्थेचं पत्र आलं. सर्व खाती बाहेरच्या कंपनीकडे हलवण्याचा निर्णय झाला आहे. चालू कर्मचारी आणि विद्यार्थी तेवढे हलवले जातील. महिनाअखेर जुना सर्व्हर बंद होईल. तिने अर्ज केला, आईच्या खात्याचं गाठोडं मला द्या. उत्तर आलं, की खात्यातला मजकूर देण्यासाठी खातेधारकाचं सहीचं संमतीपत्र जोडावं. नमुना सोबत होता. तोच नमुना कारभारीलाही मिळाला होता. तो त्याने चार घड्या घालून खिशात ठेवला होता, आणि तिला दाखवून पुन्हा तसाच ठेवला.

“सही कोनाची आनू?” एवढंच म्हणाला.

सोमनाथने चिटणीसांकडे दोनदा विषय काढला. मयुरेशशी ती फोनवर बोलली. “ताई, मी गुपचूप कॉपी करून देऊ शकतो,” तो म्हणाला, आणि मग म्हणाला, “पण दुसऱ्याची पत्रंही त्यातच आहेत. सरांनी केलं असतं का?” ती नाही म्हणाली. तिला राग आला होता, आणि कोणावर ते ठरवता येत नव्हतं.

एकतीस तारखेला दुपारी ती सर्व्हरच्या खोलीत गेली. ती तिथे पहिल्यांदाच येत होती. जिन्याखालची खोली, एक एसी, एक टेबल, लोखंडी मांडणीवर काळा डबा. खुर्चीच्या पाठीला बाबांचा तपकिरी हातविणीचा स्वेटर अजून होता. आईने विणलेला. एसीत बसायचं म्हणून.

मयुरेशने त्याच्या कार्यालयातूनच बंद करण्याचा आदेश दिला. पंख्याचा आवाज उतरत उतरत थांबला. हिरवा दिवा गेला. सोमनाथने कागदावर वेळ लिहिली, तीन वाजून दहा मिनिटं. “मी वर सही घेऊन येतो,” तो म्हणाला. दारात थांबून म्हणाला, “गाडी पाच वाजता येईल डबा न्यायला.” आणि गेला.

कारभारीने दाराकडे पाहिलं. मग पुढे होऊन डब्याचं बटण दाबलं. पंखे पुन्हा फिरू लागले.

“एकदा बघा ताई,” तो म्हणाला. “सरांचं तुमाला येत असंल.”

स्क्रीनवर पांढऱ्या अक्षरांत एक ओळ आली. किल्ली मागणारी. खाली चौकोनी खूण लुकलुकत होती.

अपूर्वाने खुर्ची ओढली, आणि टेबलाच्या मधोमध न बसता जरा उजवीकडे बसली. उजवा हात कीबोर्डवर ठेवला. बोटं आपापल्या जागी गेली. पहिली दोन अक्षरं तिची नव्हती. तेवढा वेळ ती थांबली. मग आपलं अक्षर दाबलं, आणि पुन्हा थांबली.